पोटातल्या हालचालीची साक्ष कुणाची?

पायाळू माणसाबद्दल आपल्याकडे गोष्टींना तोटा नाही. पायाळूची लाथ कमरेत बसली की उसण जाते. पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं, पुरलेलं धन दिसतं. पावसात त्याने उघड्यावर जाऊ नये, वीज त्याच्यावर येते. गुप्तधनाच्या नादी लागलेले भोंदू पायाळू मूल शोधत हिंडतात, हेही आपण ऐकून आहोत. पण हे मूल जिच्या पोटातून पायाकडून बाहेर आलं, तिचं काय झालं? ती किती तास अडली होती, तिला कुणी काही सांगितलं होतं का, ती जगली का? तिच्याबद्दलची एकही गोष्ट माझ्या कानावर आजवर आलेली नाही.

गरोदरपणाच्या शेवटच्या दोन-अडीच महिन्यांकडे आपल्या चळवळीचंही तसं दुर्लक्षच झालं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो. १९८८ साली महाराष्ट्राने त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, १९९४ साली केंद्राने केला. त्यामागे संघटनांचा रेटा होता. नेट-एन आणि नॉरप्लांटसारख्या गर्भनिरोधकांविरुद्ध आपण लढलो. गर्भपाताच्या हक्कावर बोललो. पण मूल ठेवायचं ठरलं, सातवा-आठवा लागला, की ती बाई जणू आपल्या हातून सुटते आणि एकीकडून सासू, दुसरीकडून डॉक्टर यांच्या ताब्यात जाते. डोहाळजेवणाच्या फोटोत ती दिसते, नंतर बाळासकट दिसते. मधल्या काळात तिच्या शरीरात काय चाललं आहे आणि ते कुणाला कळतं आहे, हा प्रश्न आपण राजकीय मानला नाही. मला तो पुरता राजकीय वाटतो.

आधी एक गैरसमज दूर करू. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर कायद्याची पाटी असते, म्हणून कित्येक बायका आत गेल्यावर काहीच विचारायला धजत नाहीत. कायद्याने मनाई आहे ती मुलगा की मुलगी हे सांगायला, आणि ती हवीच. मूल डोक्यावर आहे की पायावर, वार कुठे चिकटली आहे, पाणी पुरेसं आहे का, वाढ ठीक आहे का, हे सांगायला कुणालाही कसलीही बंदी नाही. उलट हे जाणून घेणं बाईचा हक्क आहे. घडतं काय, तर इंग्रजीतला रिपोर्ट फाइलीत जातो, फाइल नवऱ्याच्या हातात जाते, आणि टेबलावरून उतरताना बाईला ऐकू येतं, 'ठीक आहे, पुढच्या महिन्यात या.' ज्या यंत्रासमोर तिने पोट उघडं केलं, त्या यंत्राने पाहिलेलं तिच्याखेरीज सगळ्यांना माहीत.

आता पोटातल्या मुलाच्या ठेवणीविषयी. २८ व्या आठवड्याला चार-पाच मुलांमागे एखादं डोकं वर करून बसलेलं असतं. जागा असते, पाणी असतं, ते फिरत राहतं. दिवस भरेपर्यंत बहुतेक मुलं आपोआप डोक्यावर येतात. शंभरात तीन-चार पायाळू राहतात. म्हणजे सातव्या महिन्यात 'पायाळू' असा रिपोर्ट आला म्हणून घरात रडारड करायचं कारण नाही. विचार करायचा तो ३६ व्या आठवड्यानंतर. मूल वळलं नाही तर त्यात बाईचा दोष नसतो. जुळं असणं, पाणी कमी-जास्त असणं, वार खाली असणं, पिशवीत गाठ असणं, पिशवीचा आकारच जन्मतः निराळा असणं, अशी कारणं असतात, आणि कितीदा तर कारण सापडतच नाही. तिने काय खाल्लं, कशी झोपली, ग्रहणात काय कापलं, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तरीही अडलेल्या बाईला पहिला प्रश्न हाच येतो: 'काय केलंस?'

मूल कसं आहे हे ओळखायच्या खुणा बाईच्या अंगातच असतात. लाथा बरगड्यांखाली बसत असतील आणि खाली ओटीपोटात जड वाटत असेल, तर बहुधा डोकं खाली. लाथा खाली, लघवीच्या जागेजवळ, आणि वर बरगडीखाली गोल टणक काही लागत असेल, तर मूल बहुधा पायाळू. पोट उंचीपेक्षा रुंदीला जास्त दिसत असेल, दोन्ही कुशींना टणक लागत असेल, तर आडवं असू शकतं. बेंबीपाशी खळगा पडला आहे आणि सगळ्या लाथा पुढेच लागतात, तर मुलाची पाठ आईच्या पाठीकडे असू शकते. या खुणा पक्क्या नव्हेत, पण नर्सबाईंना 'मला असं लागतं' म्हणून सांगायला पुरेशा आहेत. हाताने पोट तपासायच्या चार पायऱ्या प्रत्येक नर्सला शिकवलेल्या असतात. त्यात महागडं काही नाही. हात ऊबदार हवेत आणि पाच मिनिटांची फुरसत हवी. यंत्र आल्यापासून हे हात पोटावर पडेनासे झाले आहेत. मला यंत्राचा राग नाही. राग आहे तो हात आणि कान या दोन्हींना सुट्टी मिळाली याचा.

फरशी पुसण्याविषयी इथेच बोलून घेते. 'उकिडवं बसून फरशी पूस, मूल सरळ होईल, बाळंतपण सोपं जाईल.' हा सल्ला मिळाला नाही अशी सून विरळा. आता तर काही दवाखान्यांच्या शिबिरांतही तो व्यायाम म्हणून शिकवतात. ऑस्ट्रेलियात अडीच हजारांवर बायकांवर हे तपासलं गेलं. ३७ व्या आठवड्यापासून रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं, हातागुडघ्यांवर ओणवं होऊन कंबर हलवायची. २००४ साली निष्कर्ष छापून आला: जन्माच्या वेळच्या मुलाच्या स्थितीत काही फरक पडला नाही. कळांमध्ये पाठ भरून आली तर ओणवं होण्याने बरं वाटतं, ते जरूर करावं. पण नवव्या महिन्यात सुनेने पुसलेल्या फरशीचा फायदा फरशीलाच होतो.

सुइणींचा विषय जरा नाजूक आहे. पोटाला हात लावून मूल कसं आहे हे अचूक सांगणाऱ्या सुइणी होत्या, अजूनही कुठे कुठे आहेत, आणि त्यांचं ज्ञान अडाणी म्हणून झटकून टाकलं गेलं याची खंत आपण वारंवार व्यक्त केली आहे. ती खरीच आहे. पण पोट जोरात चोळून मूल फिरवणं धोक्याचं आहे. वार सुटू शकते, आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि तो बाहेरून दिसतही नाही. तेच काम दवाखान्यात करायची एक रीत आहे. ३६-३७ व्या आठवड्यानंतर, मुलाचे ठोके ऐकत, शस्त्रक्रियेची सोय हाताशी ठेवून, तज्ज्ञ डॉक्टर बाहेरूनच पोटावर हात ठेवून मूल वळवतात. साधारण निम्म्या वेळा ते जमतं. त्यापायी लगेच सिझर करावं लागण्याची वेळ दोनशेत एखादीवर येते. सगळ्यांना हे चालत नाही; वार खाली असेल, रक्त गेलं असेल, जुळं असेल, तर नाही. पण ज्यांना चालतं त्यांतल्या कितीजणींना हा पर्याय आहे असं सांगितलं जातं? माझ्या ओळखीतल्या पायाळू मुलांच्या आयांना विचारलं, तर बहुतेकींनी हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

पायाळू म्हणजे सिझरच, हा नियम कुठून आला ते पाहण्यासारखं आहे. सन २००० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात कॅनडाच्या मेरी हॅना आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. २६ देशांतल्या दोन हजारांवर बायका, निम्म्यांना ठरवून सिझर, निम्म्यांचा प्रयत्न नेहमीच्या मार्गाने. मूल दगावणं किंवा त्याला गंभीर इजा होणं हे सिझरच्या गटात १.६ टक्के, दुसऱ्या गटात ५ टक्के. फरक मोठा होता. नेदरलँड्समध्ये पायाळू मुलांसाठीचं सिझर दोन महिन्यांत ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलं. नंतर २००४ साली त्याच अभ्यासातली मुलं दोन वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली, तेव्हा मृत्यू किंवा वाढीतली उणीव यांत दोन गटांत फरक उरला नव्हता. २००६ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधल्या आठ हजारांवर बायकांचा अभ्यास आला. तिथे बायकांची निवड काळजीपूर्वक केली होती आणि हात सरावलेले होते, म्हणून ठरवून केलेलं सिझर आणि नेहमीचा मार्ग यांत लक्षणीय फरक आढळला नाही. पण तोवर नव्या डॉक्टरांच्या हातातून ते कसबच गेलं होतं. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली आकडे असे मांडले: पायाळू मुलाचं ३९ व्या आठवड्यानंतर ठरवून सिझर केलं तर हजारी साधारण अर्धा मृत्यू, नेहमीच्या मार्गाने हजारी दोन, आणि डोक्यावर असलेल्या मुलाच्या नेहमीच्या बाळंतपणात हजारी एक.

हे आकडे मी मुद्दाम देते आहे, कारण ते बाईला समजतात. शाळा न शिकलेल्या बाईलाही 'हजारात दोन' आणि 'हजारात एक' यातला फरक कळतो. ती रोज भाजीचा हिशेब करते. आपल्याकडे हे कसब असलेला डॉक्टर जवळ नसेल, तर पायाळू मुलासाठी सिझर हाच शहाणपणाचा निर्णय ठरेल, असं माझंही मत आहे. माझी तक्रार निर्णयाबद्दल नाही. तो तिला न विचारता होतो, याबद्दल आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. मुलांची पोटातली ठेवण काही दवाखान्याचा मालक कोण हे पाहून बदलत नसते.

आणि सही कुणाची घेतात? नवऱ्याची, नाहीतर वडिलांची. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात निकाल दिला. बाई भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिची पिशवी काढली होती. जाणत्या, सज्ञान बाईच्या शरीरावरच्या शस्त्रक्रियेला, जीव वाचवायची तातडी नसेल तर, दुसऱ्या कुणाची संमती चालत नाही, आणि संमती घेण्यापूर्वी पुरेशी माहिती द्यावी लागते, असं न्यायालयाने सांगितलं. या निकालाचा कागद आपल्या प्रत्येक गटाच्या फाइलीत असायला हवा.

एक गोष्ट मात्र आपल्यातल्याच काहीजणींना उद्देशून. 'सिझर म्हणजे डॉक्टरांची लूट, नैसर्गिक बाळंतपण म्हणजे स्वातंत्र्य,' असा सूर आपल्या बैठकांत निघतो. आडव्या मुलाला हा सूर लागू नाही. कळा सुरू झाल्या आणि मूल आडवंच राहिलं, तर ते नेहमीच्या मार्गाने बाहेर येऊ शकत नाही. पाणमोट फुटली की नाळ आधी खाली येऊ शकते, नाहीतर हात बाहेर येतो. वेळ गेला तर पिशवी फाटते, आई आणि मूल दोन्ही जातात. ज्या गावातून ग्रामीण रुग्णालय दूर आणि तिथे भूल द्यायला डॉक्टर नाही, तिथल्या बाईचा लढा सिझर टाळण्याचा नसतो. वेळेवर सिझर मिळण्याचा असतो. ३७ व्या आठवड्यानंतर मूल आडवं असेल, तर कळांची वाट न पाहता बाईने दवाखान्याजवळ राहायला हवं, आणि त्या राहण्याची सोय करणं सरकारचं काम आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जाण्यायेण्याची गाडी, सगळं मोफत आहे. मोफत म्हणजे मोफत. बाहेरून आणायला सांगितलेल्या औषधाची चिठ्ठी जपून ठेवावी.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्याकडे येते. मुलाची ठेवण सोनोग्राफीत दिसते, हाताला लागते. हालचाल मात्र चोवीस तास एकाच माणसाला कळते. तिचा दुसरा साक्षीदार नाही. आणि नेमकी तिचीच साक्ष आपल्या घरांत आणि दवाखान्यांत ग्राह्य धरली जात नाही.

पहिलटकरणीला १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास हालचाल जाणवू लागते, आधी बाळंत झालेलीला थोडी आधी. ३२ व्या आठवड्यापर्यंत ती वाढत जाते, मग साधारण तेवढीच राहते. 'नववा लागला की मूल गप्प होतं, जागा राहत नाही', हे घरोघर सांगितलं जाणारं वाक्य चूक आहे, आणि जीवघेणं आहे. जागा कमी होते म्हणून हालचालीची जात बदलते. लाथेऐवजी सरकणं, वळणं, कोपर फिरवणं जाणवतं. हालचाल थांबत नाही, कळा सुरू होईपर्यंत आणि कळांमध्येही. पोटातलं मूल झोपतं, पण वीस ते चाळीस मिनिटं. दीड तासाच्या वर सहसा नाही. दुपारनंतर आणि संध्याकाळी ते जास्त हलतं. कष्टात, गडबडीत लक्ष जात नाही, हेही खरं. म्हणून ब्रिटनमधला सल्ला असा, की २८ आठवड्यांनंतर शंका आली तर डाव्या कुशीवर पडून दोन तास लक्ष द्यावं. दहा हालचाली जाणवल्या नाहीत तर लगेच, त्याच दिवशी, रात्र असली तरी दवाखाना गाठावा. दहाचा आकडा काही जादूचा नाही. रोजच्या सवयीपेक्षा हालचाल कमी झाली, हीच खरी खूण. आणि ते ठरवणार ती बाईच.

बहुतेक वेळा तपासल्यावर सगळं ठीक निघतं. एकदा हालचाल कमी वाटलेल्या दहाजणींपैकी सातजणींचं पुढे सुखरूप होतं. पण पोटातच मूल गेलेल्या आयांना नंतर विचारलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींनी सांगितलं की हालचाल आधी कमी झाली होती. म्हणजे त्यांना कळलं होतं. मग ते का अडलं? 'गोड खा, मग हलेल.' 'थंड पाणी पी.' 'उद्या सकाळी बघू.' 'पहिलीच वेळ आहे, घाबरतेस.' गोड खाल्ल्याने धोका टळत नाही, वेळ तेवढा जातो. ठोके ऐकायचं छोटं यंत्र आता घरबसल्या विकत मिळतं, त्याचाही भरवसा धरू नये. आईच्याच नाडीचा आवाज मुलाचा समजून निश्चिंत होणं सहज घडतं, आणि ठोके लागले तरी मूल बरं आहे हे त्यावरून ठरत नाही.

यावर सोपा उपाय म्हणून तक्ते वाटले जातात. रोज मोजा, खूण करा, दाखवा. याबाबत सावध राहावं असं मला वाटतं. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये ६८ हजारांवर बायकांचा एक अभ्यास छापून आला. एका गटाला रोज मोजायला लावलं होतं, दुसऱ्याला नाही. मुलांच्या मृत्यूंत फरक पडला नाही. २०१८ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या चार लाखांवर गरोदरपणांचा आणखी एक अभ्यास आला. बायकांना हालचालीचं महत्त्व सांगणं आणि दवाखान्यांनी ठराविक पद्धतीने तपासणं, असा तो कार्यक्रम होता. पोटात दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण लक्षणीय कमी झालं नाही. कळा आणायचं औषध देणं आणि सिझर मात्र वाढलं. स्वीडनमध्ये मोजणं सोडून रोज पंधरा मिनिटं कुशीवर पडून हालचालीकडे नुसतं लक्ष द्यायला सांगितलं, तेव्हा मुलांच्या तब्येतीत फरक दिसला नाही, पण सिझर वाढण्याऐवजी थोडं घटलं.

मग बाईच्या साक्षीला किंमत नाही असा अर्थ काढायचा का? काहीजण तो काढतातच. मी तसा काढत नाही. या अभ्यासांतल्या बायकांजवळ दवाखाना होता, फोन होता, आणि हालचाल कमी वाटली तर जायचं, हे तिथे आधीपासूनच रुळलेलं होतं. तिथे तक्त्याने भर पडली नाही. त्याच १९८९ साली, त्याच 'लॅन्सेट'मध्ये, राणी बंग आणि अभय बंग यांचा गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांचा अभ्यास आला होता. ६५० बायका तपासल्या; ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी त्यासाठी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. आपल्याकडची मूळ अडचण ही आहे. बाईला कळत नाही असं नाही. तिला कुणी विचारत नाही, आणि ती आपण होऊन बोलली तर तिचं बोलणं कुठेच जाऊन पोचत नाही. अशा ठिकाणी तक्ता दिला तर एकच होतं: मूल गेल्यावर दोष द्यायला तिच्याच हस्ताक्षरातला कागद तयार राहतो.

शिवाय ते दोन तास. डाव्या कुशीवर दोन तास पडून राहायचं, संध्याकाळी. संध्याकाळी सात वाजता आठ महिन्यांची पोटुशी सून आडवी पडली, तर किती घरांत चालतं? बीडहून ऊसतोडीला गेलेल्या बाईने फडावरून येऊन, चूल पेटवायच्या आधी, कोपीत दोन तास कुठे पडायचं? धुण्याभांड्यांची पाच घरं करणारीने कुणाकडे दांडी मारायची? आरोग्य खात्याच्या भिंतीवरच्या चित्रातली गरोदर बाई नेहमी पलंगावर असते, तिच्या उशाशी फळांची टोपली असते. तिला बहुधा कुणी कामाला हाक मारत नाही. हालचालीकडे लक्ष द्यायला आधी स्वतःचा वेळ लागतो, आणि तो बाईला घरात कुणाकडून तरी मागून घ्यावा लागतो. म्हणून हा विषय एकट्या गरोदर बाईला शिकवून भागणार नाही. सासवांच्या बैठकीत, नवऱ्यांसमोर, मुकादमासमोर तो मांडावा लागेल.

२०२० साली संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी पोटातच मृत्यू पावणाऱ्या मुलांवर एक अहवाल काढला. २०१९ या एका वर्षात भारतात अशी सुमारे ३ लाख ४० हजार मुलं गेली; जगातल्या कोणत्याही देशापेक्षा जास्त. त्या प्रत्येकीच्या मागे एक बाई आहे, जिला दूध आलं आणि पाजायला मूल नव्हतं. बहुतेकींना मूल दाखवलंही जात नाही. 'बघू नकोस, त्रास होईल' म्हणत ते दुपट्यात गुंडाळून नेतात, आणि घरी आल्यावर विचारतात, 'तुझ्या पोटात होतं, तुला कळलं नाही?' जिने आठवडाभर सांगूनही कुणी ऐकलं नाही, तिलाच हा प्रश्न! बारशाला बोलावणी होत नाहीत, दुसऱ्या वर्षी पुन्हा दिवस राहिले पाहिजेत अशी घाई होते. दुःख करायला तिला मुभा नाही, कारण सगळ्यांच्या लेखी काही घडलेलंच नाही.

कायद्याच्या लेखी घडलेलं असतं. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मृत जन्माचीही नोंद व्हायला हवी. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने 'मूल' या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलं होतं. म्हणजे अशा बाईला बाळंतपणाची पुरी रजा, गर्भपाताची कमी मुदतीची नव्हे. हे माहीत नसल्याने किती नोकरदार बायका आठवड्याभरात कामावर परत गेल्या असतील!

गटांना काय करता येईल ते थोडक्यात लिहिते. प्रत्येक ठिकाणची परिस्थिती निराळी. मासिक बैठकीत गरोदर मैत्रिणीच्या पोटावर, तिची परवानगी घेऊन, हळूच हात ठेवून मूल कसं आहे हे ओळखायचा प्रयत्न नर्सबाईंच्या मदतीने करता येतो. बायकांना त्यात फार गंमत वाटते, आणि आपलं पोट आपल्याला वाचता येतं हे कळतं. सोनोग्राफीच्या रिपोर्टातल्या चार ओळी (मुलाची ठेवण, वार, पाणी, वाढ) मराठीत लिहून द्या अशी मागणी लेखी करावी. तोंडी मागणी हवेत विरते. आशाताईंना दोष देऊ नये. त्यांच्याकडे गाडी नसते आणि त्यांचाही शब्द दवाखान्यात चालत नाही. तेव्हा '१०२ किंवा १०८ ला फोन केला, गाडी किती वेळाने आली' याची नोंद गटाने स्वतःच ठेवावी. घरच्यांशी बोलताना एकच वाक्य पुरे होतं: 'ती म्हणाली हालचाल कमी आहे, तर त्याच दिवशी न्यायचं, विचारत बसायचं नाही.'

आणि रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत आपल्यापैकी कुणी असेल, तर तिने हे प्रश्न इतिवृत्तात घालून घ्यावेत. हालचाल कमी म्हणून आलेल्या बाईला रांगेत किती वेळ बसवलं जातं. ठोके ऐकायचं यंत्र चालू आहे का, आणि त्याची किल्ली कुणाकडे असते. रात्री आठनंतर ते कोण वापरतं. सगळं ठीक निघाल्यावर तिला 'उगाच आलीस' म्हणतात, की 'पुन्हा वाटलं तर पुन्हा ये' म्हणतात. मागच्या वर्षभरात या दवाखान्यात किती मुलं मृत जन्मली, त्यांतल्या कितींची नोंद झाली, आणि त्यांच्या आयांपैकी कितीजणींना 'हालचाल शेवटची कधी जाणवली होती' असं कुणी विचारलं.